चार्ज यादीत नसलेली वही

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, 'ऑनसाइट' ह्या शब्दाला काय वजन असतं ते. मी दोन वर्षांपूर्वी नऊ महिन्यांसाठी जर्मनीला, स्टुटगार्टला जाऊन आलो. जायच्या आधी कंपनीने दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. मीटिंगला पाच मिनिटं आधी का पोचायचं, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड कसं आणून ठेवायचं, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा... सगळं! पोचल्यावर महिनाभर राहायला कंपनीचं अपार्टमेंट. शिवाय एक 'बडी', म्हणजे आधीपासून तिथे असलेला आपलाच सहकारी, अडलं-नडलं बघायला. आणि ज्याच्या जागी मी गेलो, तो तीन आठवडे शेजारी बसून केटी देत होता. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. निम्म्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, उरलेल्या निम्म्यांसाठी सांगितलं. :)

एवढं सगळं कशासाठी? तर एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले बग काढण्यासाठी.

आता दुसरी गोष्ट. माझा मावसभाऊ, आमचा दादा, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. डीएड झाला, २०१० साली नोकरीला लागला आणि ऑर्डर हातात पडली ती मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेची. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते, पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. मी आठवीत होतो. मावशीने सकाळी पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी ती चुलीपाशी बसून रडत होती, हे मला अजून आठवतं. कुणीतरी म्हणालं होतं, "अगं, हे ते कुपोषणवालं मोखाडा." १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला, तेव्हापासून बाकीच्या महाराष्ट्राला ह्या भागाची ओळख तेवढीच. अलीकडे त्यात दाभोसा धबधब्याच्या फोटोंची भर पडलीय, इतकंच.

दादाला ट्रेनिंग किती दिवसांचं? शून्य. राहायची सोय? तुमची तुम्ही बघा. भाषा? भाषेचं काय त्यात, महाराष्ट्रातच तर चाललाय, मराठीच बोलणार! पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणून मानधन महिना ३,००० रुपये. (पुढे ते ६,००० झालं, २०२३ पासून १६,००० आहे.)

मी स्टुटगार्टला गेलो तेव्हा घरचे म्हणाले, पोरगा परदेशी गेला. दादाला कुणी असं म्हटलं नाही. पण खरा परदेशी गेला होता तो दादाच, असं मला आता वाटतं.

मी तिकडे पहिल्यांदा गेलो गेल्या मे महिन्यात. पंधरा वर्षांनी दादाची आंतरजिल्हा बदली झाली आणि त्याला सामान आवरायला माणूस हवा होता. मी राहतो मुलुंडला. ठाण्याहून कसारा लोकल, कसाऱ्याहून विहीगाववरून खोडाळ्यापर्यंत जीप, पुढे दादाची बाइक. अर्ध्या दिवसाचं काम. नोकरी लागल्यापासून मुलुंडमध्ये आहे, जर्मनीला जाऊन आलो, पण इथे यायला वेळ झाला नव्हता. लाज वाटली. असो.

रस्त्यात एका ठिकाणी टँकरभोवती हंडे लागलेले दिसले. ह्याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी जातं मुंबईला. म्हणजे माझ्या बादलीत. दादाला म्हटलं तर तो म्हणाला, "पहिल्या वर्षी मलाबी लई राग आला होता. मग पाणी भरायला लागलो." त्याचा बोलण्याचा ढंग हा असा.

दोन रात्री आम्ही त्याच्या खोलीबाहेर खाटा टाकून गप्पा मारल्या. 'रुळणं' म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दोन रात्रींत जरा कळलं.

पहिलं म्हणजे पाऊस. बीडला वर्षभरात पडतो त्याच्या चौपट इकडे चार महिन्यांत पडतो. दादा छत्री घेऊन आला होता. :) पहिल्या पावसाळ्यात त्याचे कपडे कधी वाळलेच नाहीत आणि ओहोळ भरला की पलीकडच्या पाड्यावरची पोरं शाळेला येईनात. त्याने इमाने-इतबारे गैरहजेरी मांडली. मग एका पोराचा बाप भेटायला आला, काही बोलला नाही, त्याला हाताला धरून ओहोळापाशी घेऊन गेला आणि पाणी दाखवलं. तेवढंच.

दुसरं म्हणजे जेवण. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला नागलीची भाकरी आणि भात. नागली म्हणजे आपली नाचणी, हेसुद्धा त्याला दुकानदाराने सांगितलं. पावसाच्या तोंडाला शेजारची म्हातारी शेवळं आणून द्यायची. दादाने पहिल्यांदा ती साध्या पालेभाजीसारखी फोडणीला टाकली आणि दिवसभर घसा खाजवत बसला. शेवळाची खाज मारायला त्यात आंबट काहीतरी घालावं लागतं, हे डीएडला शिकवत नाहीत.

तिसरं आणि खरं म्हणजे भाषा. पहिल्या दिवशी दादा वर्गात जाऊन म्हणाला, "लेकरांनो, वह्या काढा." वर्ग हसला. हा चिडला. पुढे कधीतरी एका पोरीने धीर करून सांगितलं की लेकरू म्हणजे कडेवरचं पोर, आम्ही काय कडेवरचे आहोत?

गंमत बघा. त्या वर्गात तीन भाषा होत्या. पुस्तकातली मराठी, दादाची बीडची मराठी आणि पोरांची वारली. पुस्तकातली मराठी कुणाचीच नव्हती, दादाचीसुद्धा नाही! पण दादा ती शाळेत शिकून मोठा झाला होता, म्हणून त्याला आपली बोली 'मराठी'च वाटायची आणि पोरांची बोली 'अशुद्ध' वाटायची. दोन वर्षं त्याने पोरांच्या वह्यांमध्ये लाल शाईने त्यांची भाषा दुरुस्त केली. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, मान खाली घालून. पहिलीतलं एक पोरगं वर्षभर तोंडच उघडत नव्हतं. दादाने प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'आकलन कमी'. सुट्टीत तेच पोरगं त्याला रानात घेऊन गेलं आणि कुठलं झाड कशाला लागतं, कुठला पाला गुरं खात नाहीत, हे सलग तासभर सांगत होतं. दादा म्हणाला, "आकलन कमी होतं, पण कोणाचं, ते मी लिहिलं नव्हतं."

त्या रात्री त्याने दोनशे पानी वही आणली आणि लिहायला सुरुवात केली.

ती वही मी पाहिली. डाव्या पानावर पोरांचा शब्द, उजव्या पानावर पुस्तकातला. पण शब्दांपेक्षा मला बाकीच्या नोंदी भारी वाटल्या. आठवतात तशा सांगतो :

ओहोळ भरला तर पलीकडची पोरं येणार नाहीत. आधी बघून यावं, मग हजेरी घ्यावी.

दिवाळीनंतर सात घरं वीटभट्टीवर जातात. शिमग्याला चार दिवस येतात, परत जातात. कायमची येतात ती पावसाच्या तोंडाला. पोरांना मागे ठेवायचं असेल तर आजीशी बोलावं, बापाशी नाही, आणि ते दसऱ्याच्या आधी बोलावं.

धाकट्या भावंडाला घेऊन येणाऱ्या पोरीला परत पाठवू नये. पाठवलं तर ती मोठीही येत नाही.

बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नये. (बोहाडा म्हणजे इकडचा मुखवट्यांचा उत्सव, रात्र-रात्र चालतो.)

पोरगं गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं नाही.

आता मला सांगा, हे काय आहे? आमच्या भाषेत ह्याला केटी डॉक्युमेंट म्हणतात. आणि मी आजवर वाचलेल्या सगळ्या केटी डॉक्युमेंट्सपेक्षा ते चांगलं होतं, कारण त्यातली एकेक ओळ चूक करून मिळवलेली होती.

दुसऱ्या दिवशी चार्ज द्यायचा होता. शाळेत दुसरे एक गुरुजी आहेत, तेही वर्षभरापूर्वीच आलेले. दादाच्या जागी येणारा माणूस अजून ठरलेला नव्हता, तो जूनमध्ये कधीतरी येणार. मी शेजारी बसून यादी वाचून दाखवत होतो. लाकडी टेबल २, खुर्च्या ३, लोखंडी कपाट १, घंटा १, ताटं ३१ (पैकी फुटकी ४), पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ अमुक किलो, जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, चाव्या. सगळं मोजलं, सह्या झाल्या. फुटक्या ताटांवर दहा मिनिटं चर्चा झाली.

वहीसाठी यादीत रकाना नव्हता.

ह्यात कुणी एक माणूस चुकला असं मला म्हणायचं नाही. यादी करणाऱ्याने ताटं हरवू नयेत म्हणून यादी केली आणि ताटं हरवत नाहीत. पण पंधरा वर्षं खर्च करून एक माणूस एका पाड्याला जे शिकला, ते मात्र त्याच्या पिशवीत घालून बीडला निघालं होतं. सरकारी पैशाने कमावलेली त्या शाळेतली सगळ्यात महाग वस्तू, आणि ती डेड स्टॉकमध्येसुद्धा नाही!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : परक्या मुलखात रुळणं हे शिक्षकाचं खाजगी प्रकरण नाही, ते कामच आहे. ते काम म्हणून मोजा आणि एकाने केलेलं दुसऱ्याच्या हातात द्या.

स्टुटगार्टच्या प्रोजेक्टवर एक अमेरिकन सहकारी होता. तो कॉलेजनंतर जपानच्या एका गावात इंग्रजी शिकवत होता, १९८७ पासून सुरू असलेल्या जेट प्रोग्रॅममधून. त्याला जपानी अक्षरं धड वाचता येत नव्हती. पण पोचला तेव्हा टेबलावर आधीच्या शिक्षकाचं पत्र होतं. हीटर कसा लावायचा, कुठल्या वर्गात कोण लाजाळू आहे, दुकानातल्या कुठल्या बाई हळू बोलतात. वर्गात सोबतीला एक जपानी शिक्षक असायचाच. तो म्हणायचा, "ते पत्र नसतं तर मी महिनाभरात परत आलो असतो." परदेशी शिक्षक जपानी पोरांना परकी भाषा शिकवायला जातो, त्याला एवढा आधार. आमचा गुरुजी वारली पोरांना त्यांच्यासाठी परकी असलेली भाषा शिकवायला जातो आणि ती परकी आहे हे आम्ही कबूलच करत नाही.

तसं कागदावर कबूल आहे म्हणा. घटनेचं कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा असं १९५६ पासून सांगतंय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तेवढं मातृभाषेतून शिकवा. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही घरच्या भाषेबद्दल तेच म्हणतं. पण मोखाड्याच्या वर्गात हे सगळं उतरायचं ते एका माणसाच्या तोंडून. आणि तो माणूस काल बीडहून आलाय.

इथे तुम्ही म्हणाल, मग बाहेरचा माणूस पाठवताच कशाला? स्थानिक शिक्षक नेमा. शंभर टक्के बरोबर. जव्हार आणि मोखाडा दोन्ही अनुसूचित क्षेत्रात येतात आणि अशा भागात शिक्षकांसारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची असं २०१४ च्या अधिसूचनेनंतर ठरलेलंही आहे. त्यावर कोर्टकज्जे झाले, होत राहतील. वारली पोरांना वारली शिक्षक मिळणं ह्याला पर्याय नाही, दादासुद्धा हेच म्हणतो. पण एक लक्षात घ्या. इथे वारली आहेत, कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, ठाकूर आहेत, कातकरी आहेत. शेजारच्या पाड्यावरचा शिक्षकही कातकरी पोरांपुढे थोडा परकाच असतो. परकेपणाचं माप कमी होईल, काम संपणार नाही. वही तेव्हाही लागेल.

दुसरे काही लोक म्हणतात, मनापासून करणारा माणूस असेल तर सगळं जमतं, अनुताई वाघांना नाही का जमलं? हे वाक्य ऐकलं की मला जरा भीती वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई ह्यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे. ताराबाई मुंबईच्या, पण भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गुजराती मुलांमध्ये काम करून आलेल्या, म्हणजे परकं असणं त्यांना नवीन नव्हतं. अनुताई मोरगावच्या. दोघी १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ मध्ये तिथून कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या ह्याच पालघर जिल्ह्यात. पोरं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर काम कोसबाडलाच.

पण दादा काय म्हणाला माहितीय? "मी अनुताई नाही रे. मला म्हातारे आई-बाप आहेत, बायको तिकडं, लेकीला मी वर्षातून दोनदा बघतो. मी चांगला मास्तर आहे, तेवढंच राहू दे." आणि मला ते पटलं. संत मिळाले तरच चालेल अशी व्यवस्था म्हणजे व्यवस्था नाहीच. आमच्याकडे एखादी सिस्टिम एकाच माणसाच्या डोक्यावर चालत असेल तर त्याला आम्ही कौतुक म्हणत नाही, रिस्क म्हणतो. आणि अनुताईंचं मोठेपण त्यांच्या त्यागात जेवढं आहे, तेवढंच त्यांनी जे कळलं ते लिहून ठेवलं, शिक्षिका घडवल्या, ग्राममंगलसारख्या संस्थेची १९८२ मध्ये रमेश पानसरे... नव्हे, रमेश पानसे सरांबरोबर सुरुवात केली, ह्यातही आहे. त्यांनी केटी दिली. आपण फक्त त्यागाचा फोटो लावतो.

गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत ही तक्रार मीही ऐकलीय, आणि ती खोटी नाही. कित्येक जण नाशिकहून नाहीतर जव्हारहून रोज ये-जा करतात. पण 'राहा' असा आदेश काढणं आणि राहता येईल असं करणं ह्यात फरक आहे. मला कंपनीने स्टुटगार्टला 'तिथेच राहा' एवढंच सांगून पाठवलं असतं तर मीही पहिली संधी साधून पळालो असतो.

मग करायचं काय? मी इंजिनियर, त्यामुळे मला लगेच ॲप सुचलं. :) दादाला म्हटलं, शब्दकोशाचं ॲप करतो, सगळ्या शाळांना देऊ. तो खो खो हसला. म्हणाला, "रेंज त्या टेकडीवर जाऊन मिळते. ॲप नंतर कर. आधी चार्जच्या यादीत एक रकाना वाढवून दाखव."

त्याच्याकडे मागण्या तीनच होत्या, आणि तिन्ही स्वस्त. एक, जाणारा आणि येणारा शिक्षक निदान दोन आठवडे एका वर्गात एकत्र असावेत. दोन, जाणाऱ्याने पाड्याची वही लिहून द्यावी, येणाऱ्याने सही करून घ्यावी, ताटांसारखीच. तीन, नव्या माणसाच्या पहिल्या सहा महिन्यांत त्याचे कागद कमी तपासावेत आणि त्याला पोरांची भाषा किती आली ते विचारावं, तेही पोरांनाच. ह्यातल्या कशालाही धरणाएवढा पैसा लागत नाही.

वहीचं पुढे काय झालं ते सांगतो. दादाने ती बीडला नेली नाही. दुसऱ्या गुरुजींच्या हातात दिली, यादीबाहेर, सहीशिवाय. निघायच्या दिवशी पाड्यावरची माणसं जीपपाशी आली होती. कुणी फारसं बोललं नाही. त्या शेवळांवाल्या म्हातारीने नागलीच्या पिठाची पुरचुंडी दिली आणि विचारलं, आता येणारा कुठला आहे? दादाला माहीत नव्हतं.

जुलैमध्ये मी दादाला सहज फोन केला तर एंगेज. तासाभराने त्याचाच आला. नव्या गुरुजींचा फोन होता म्हणे, लातूरकडचे आहेत, भर पावसात टेकडीवर चढून बोलत होते. वही वाचलीय, पण एक पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही, काय करू, असं विचारत होते.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, बारावं पान बघा. आणि प्रगतिपुस्तकात एवढ्यात काही लिहू नका."